पासपोर्टावरची शिलाई

प्रिय तियामिके,

ड्रायव्हर गोंडवे ही पिशवी तुझ्या हातात देईल, तेव्हा तू बसच्या दारात माझी टोपी शोधत असशील. शोधू नकोस. मी सरहद्दीवरच्या नदीच्या अलीकडेच उतरलोय. चहाच्या टपरीत मांडीवर कागद ठेवून लिहितोय, म्हणून ओळी अशा उताराला लागल्यात. पाय सुजलेत, पाठीचं लाकूड झालंय. दोन देश ओलांडले आणि तिसऱ्याच्या उंबऱ्यावर अडलो.

तुला ठाऊक आहे, माझा पासपोर्ट म्हणजे आपल्या लिंबे गावच्या बाजारातली जुनी विजार. कापड आणायला सारखी सरहद्दीपार ये-जा, हा कायम कमरेला बांधलेला. घामानं रंग उडाला होताच, गेल्या पावसाळ्यात फोटोचं पानही सुटून लोंबायला लागलं. दुसरा कोणी कचेरीत गेला असता. पण मी पडलो शिंपी! जन्मभर दुकानाच्या ओट्यावर लोकांचं फाटलेलं जोडलं, आता माझं फाटलेलं सरकारकडे कशाला नेऊ? मशीनखाली घातला आणि कव्हराच्याच रंगाच्या दोऱ्यानं दुहेरी शिलाई मारली. वर बाजारभर दाखवत फिरलो.

पहिल्या दोन सरहद्दींवर शिक्का मिळाला. इथल्या पोरसवदा साहेबानं मात्र पान उजेडात धरलं. “बाबा, हे कुणी शिवलं?” मी म्हटलं, “मीच, साहेब. तुमचंही बटण सैल झालं असेल तर लावून देऊ?” तो हसला. मला वाटलं, सुटलो. “हात झकास आहे हो तुमचा,” तो म्हणाला, “पण टाका फोटोतल्या तुमच्याच डोळ्यातून गेलाय, नंबरावरूनही गेलाय. हा माणूस तुम्हीच, हे मी कशावरून म्हणू?” मागून एक बाई ओरडली, “अहो, आमची बस सुटेल! त्या म्हाताऱ्याची विजार मागाहून उसवा!” सगळी रांग हसली. मीही हसलो.

गोंडवेनं फार विनवण्या केल्या. “साहेब, हा नवरीचा मामा आहे. शनिवारी नवऱ्याचा मामा कोंबडा आणणार, बदल्यात नवरीकडची कोंबडी यालाच द्यायचीय. मामाशिवाय सोयरीक कशी ठरणार?” साहेबानं मान हलवली. “मलाही मामा आहे, समजतं मला. पण शिक्का मारला तर माझी नोकरी जाईल.” खरं सांगू, त्याचा राग आला नाही. दमलेला माणूस दमलेल्याला ओळखतो.

आता तुझा हट्ट. तुझी आई गेल्यापासून तुझ्या वतीनं बोलायचा मान माझा. तू फोनवर बजावलंस, “मामा आला नाही तर मी हॅस्टिंग्जचा कोंबडा परत पाठवीन. नवा पासपोर्ट काढ, मी वर्षभर थांबते.” आणि पाठवशीलही, आईवर गेली आहेस. पण हॅस्टिंग्जचा मामा गावाहून येऊन बसलाय. कोंबडा परत गेला की तो माणूस दुसऱ्यांदा उंबरा चढायचा नाही. म्हणून ऐक, कोंबडी एस्नार्ट मावशीच्या हातून दे. म्हातारे कुरकुरतील, ‘बाई कधी मामा झालीय का?’ त्यांना सांग, फायसननं सांगितलंय, आणि त्याला विचारायचं तर इकडे यावं लागेल. पोटभर मक्याच्या पिठाचा न्सिमा वाढ, आपोआप गप्प होतील.

पिशवीत तुझा झगा आहे. खालची पट्टी मोकळी ठेवलीय. नवरीला समोर उभी करून मगच मी पट्टी दुमडतो, हे तुला माहीत आहे. या वेळी मावशी दुमडेल. तिला सांग, टाके बारीक घाल. मला आता बारीक जमत नाहीत. सुईत दोरा शेजारची ओवून देते, कापड मी बोटांनी चाचपून शिवतो. टाका फोटोतल्या डोळ्यातून का गेला, हे मी साहेबाला सांगितलं नाही. बाजारात कुणालाच सांगितलेलं नाही. दवाखान्यातली बाई म्हणाली, जे गेलं ते परत येणार नाही, उरलेलंही जातच राहणार. वर्षभर थांबलीस आणि मी नवा पासपोर्ट घेऊन आलो, तरी झग्यातली तू मला दिसायची नाहीस. फोनवर हे बोललो असतो तर तू रडली असतीस, आणि मी ‘बरं, थांब’ म्हणून बसलो असतो. म्हणून हे पत्र. तेव्हा बाई, थांबू नकोस. शनिवारी फोन चालू करून मावशीच्या खांद्यावरच्या कापडात खोचून ठेव. कोंबडा कसा फडफडतो, बायका आनंदानं जिभा हलवत कशा उलुलु करतात, आणि “हा नवरा पसंत आहे का?” असं विचारल्यावर तू किती जोरात हो म्हणतेस, सगळं ऐकीन. कान माझे अजून तरण्या पोराचे आहेत.

तुझाच,
फायसन मामा