दिनूभाऊला दुसरी पसंती

४ नोव्हेंबर, मंगळवार
दिनूभाऊचा अर्ज मंजूर. वकिलांच्या राज्य परिषदेच्या निवडणुकीला वाशीमचा माणूस उभा, म्हणून बाररूममध्ये पेढे. अठरा वर्षं आम्ही दोघं एका टेबलावर. वरचा खण त्याचा, खालचा माझा. पेढा हातावर ठेवून म्हणाला, "ताई, पह्यला नंबर भावाले. आन् रिसोडच्या सभेत भाषण तुयंच." हसले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.
मतपत्रिकेवर नावांपुढे पसंतीचे आकडे टाकायचे. दुसरा, तिसरा कुणालाही द्यावा. पहिला एकालाच. तिथेच अडलंय.

७ नोव्हें., शुक्र.
पुन्हा बंद. दूरच्या कुठल्या कोर्टात कुणा वकिलाशी अरेरावी झाली, म्हणून आम्ही "कामकाजापासून अलिप्त". ठराव अर्थातच दिनूभाऊचा. बंद म्हटला की त्याच्या अंगात येतं. एकमताने मंजूर, माझा विरोध वगळून. ते एकमत कसं, हे विचारलं तर सगळे घड्याळ बघायला लागले.
इंझोरीच्या कौसल्याबाई पोटगीच्या केससाठी सकाळच्या एसटीने आलेल्या. आज त्यांची साक्ष व्हायची होती. मिळाली तारीख. पायरीवर बसून म्हणाल्या, "वकीलबाई, भांडण त्याईचं, मंग माही तारीख कायले गेली?"
त्यांच्यासाठी चहा घेऊन कोण आलं, तर दिनूभाऊच. पोरांची चौकशी केली, स्टँडपर्यंत गाडीवर सोडून आला. हाच माणूस. म्हणून तर त्रास.

१० नोव्हें., सोम.
अमरावतीच्या नलिनीबाई प्रचाराला आल्या. त्याही उमेदवार. बोलणं अगदी सुमार. कागदात बघून, माइक हातभर लांब. पण मधेच एक वाक्य: "बंदच्या दिवशी मी पक्षकारासोबत कोर्टात जाऊन बसते. निवडून आले तरी बसेन."
मागून कुणीतरी, "मंग आमच्याकडं मतं कायले मांगता?" हशा. बाईंनी पान उलटलं आणि पुढचा मुद्दा घेतला.
भाषणाला दहापैकी तीन. पहिला आकडा मात्र तिथेच ठरला.
निघताना जो तो त्यांना, "पह्यला नंबर तुमचाच, मॅडम." जो उमेदवार येईल त्याला चहा आणि पहिला नंबर, ही आमच्या बारची रीत. मी नुसता नमस्कार केला.
आता दिनूला काय सांगू? जन्मभर लोकांना विवेकाने मत द्या म्हणून ओरडत आले. आपल्या टेबलावर वेळ आली तर—

१२ नोव्हें., बुध.
रिसोड. कोर्ट सुटल्यावर सभा. रस्त्याला सोयाबीनच्या गाड्यांची रांग, घशात धूळ. बोलले. करोनात ज्युनिअर वकिलांच्या घरी किराणा कुणी पोचवला ते सांगितलं. मांडवातले लोक उठून टाळ्या वाजवत होते. सगळं खरं होतं. फक्त "याला मत द्या" हे वाक्य तोंडातून निघालं नाही. वाटलं, कुणाच्या लक्षात नाही आलं.
परतताना गाडी दिनू चालवत होता. मग, "ताई, सारं बोलली. मत द्या तेवढं नाई बोलली."
सांगून टाकलं. पहिला नलिनीबाईंना, तुला दुसरा. का, तेही. कौसल्याबाईंचा प्रश्न जसाच्या तसा.
त्याने गाडी कडेला घेतली. वाटलं, उतर म्हणतो. तर हसायला लागला.
"आपल्या बारमंधला एकूण एक वकील मले पह्यला नंबर देऊन राह्यला. खरा कोन देनार, देवाले ठाऊक. तुया दुसरा तरी पक्का धरतो."
मग गंभीर होऊन, "पन बंद काही मी सोडनार नाई."
"मीही विरोध सोडणार नाही."
"मंग ठीक हाय. चाय पेतं?"
टपरीवर चहा घेतला. आठवडाभरात पहिल्यांदा चहाला चव लागली.

१४ नोव्हें., शुक्र.
मतदान. आत एक मिनिटही लागलं नाही. बाहेर दिनू हात जोडून उभा. मला बघून सगळ्यांदेखत, "टाकला का वं दुसरा नंबर?"
"टाकला."
लोक बघतच राहिले. किती हलकं वाटलं.

१८ नोव्हें., मंगळ.
मोजणी लांबणार म्हणतात. पसंतीचे आकडे फिरत राहतात, कोण कुठे जाईल सांगता येत नाही.
उद्या पुन्हा बंदचा ठराव. दिनूने मसुदा माझ्या खणात टाकला, वर सांगून गेला, "भाषा पाह्यजो." पाहिली. दोन वाक्यं सरळ केली, पाठीमागे माझे आक्षेप लिहिले, त्याच्या खणात ठेवून दिला.
कौसल्याबाईंची तारीखही उद्याच. त्यांना फोन केला, "या. ठराव होवो न होवो, मी कोर्टात तुमच्याशेजारी असेन."
"नक्की ना, वकीलबाई?"
नक्की, म्हटलं.
दिनूला हे अजून सांगितलेलं नाही. सकाळी सांगते, टेबलावरच.