थेंबभर तरी गळू दे

गुरुवार, १४ तारीख
पंपाची केबिन

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. पाकीट उघडलंस म्हणजे निम्मा राग गेला, असं मी धरून चालते. गुडघा कसा आहे? तेल लावतोस की नुसती बाटली शेजारी ठेवून झोपतोस? माझी तब्येत ठणठणीत. डिझेलचा खप बरा आहे. मांजर तुझ्या खाटेवर झोपतं आणि मी हटवायला गेले की माझ्यावरच गुरगुरतं.

टाकीचं विचारशील. सांगते, घाई काय आहे?

जाताना तू जे ओरडलास ते गाड्यांच्या अख्ख्या रांगेनं ऐकलं. "जमिनीखालची टाकी गळतेय! गळत नसली तर या घराच्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही!" एका ट्रकवाल्यानं तर हॉर्न वाजवून दाद दिली. तेव्हापासून तुझ्या बहिणीची अवस्था बघ. लोक टाकी गळू नये म्हणून देवाला हात जोडतात, आणि मी रोज झाकणाशी उभी राहून म्हणते, बाई गं, थेंबभर तरी गळ!

तर परवा तपासणीवाला आला. सकाळीच टँकर खाली झाला होता, म्हणून तो म्हणाला, आधी डिझेल निवू दे. मी कसली थांबते! हट्टानं यंत्र लावायला लावलं. त्यानं टाकीच्या तोंडातून एक लांब सळई आत सोडली आणि वर एक पेटी जोडली. आतली पातळी केसाएवढी उतरली तरी पेटीवर दिसते म्हणे. विक्री बंद, गाड्या बाहेर, सगळे चिडीचूप. आणि दादा, आकडा उतरायला लागला! मी टाळीच वाजवली. "गळतेय! माझा दादा म्हणाला होता!"

"अहो बाई, ते गार होतंय," तो म्हणाला. "गार झालं की आक्रसतं. तरी सांगत होतो, थांबा."

मग थांबलो. ऊन उतरलं. आकडा एका जागी असा ठाण मांडून बसला, की हलायचं नाव नाही. मी त्याला चहा पाजला. दुसरा चहा पाजला. म्हटलं, नीट बघा हो, कुठे बारीकसं छिद्र? तो म्हणाला, "बाई, गळत नाही असं सांगा म्हणून लोक माझ्या मागे लागतात. तुमचं काहीतरी भलतंच!" तरी बिचाऱ्यानं माझ्या समाधानासाठी पाइपांनाही दाब देऊन बघितला. दाब जराही कमी होईना. तेव्हा मात्र मला रडूच फुटलं. तो इतका घाबरला की हातातला कप खाली ठेवून म्हणाला, "रडू नका, पास झालात तुम्ही!"

तर हे असं आहे. टाकी गळत नाही. लिहिलं एकदाचं.

पण लगेच पत्र फेकू नकोस, पुढे वाच. शंका आली कशावरून, असं त्यानं विचारलं. मी टाकीत बुडवून डिझेलचं माप घ्यायच्या दोन्ही काठ्या आणून दाखवल्या, ह्यांच्या वेळची जुनी आणि तू आणलेली नवी. त्यानं दोन्हींवरच्या खुणा जुळवून धरल्या, तर जुनी खालून बोटभर आखूड! इतकी वर्षं टाकीच्या तळाशी आपटून आपटून झिजलेली. म्हणजे नसलेलं बोटभर डिझेल ती बया मला रोज दाखवत होती. तू खरी काठी आणलीस आणि ते गायब झालं, तुला वाटलं गळालं. तेव्हा माप तुझंच बरोबर होतं. भोक तेवढं नव्हतं.

ती जुनी काठी ह्यांच्या हातातली. ह्यांच्यामागे तेवढीच तर रोज हातात यायची. तू नवी आणलीस तेव्हा वाटलं, तू ह्यांनाच अडगळीत टाकतोयस. म्हणून तोंडातून गेलं, की गुडघ्यापाठोपाठ तुझे डोळेही गेले वाटतं. चारचौघांत बोलायला नको होतं. फार लागलं असेल तुला.

दादा, घर खायला उठतं रे. भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुणी आदळआपट करत नाही. आणि तिकडे तू चहा-पावावर दिवस काढत असणार. वहिनी गेल्यापासून तुला साधा कुकर लावता आलेला नाही, मला काय ठाऊक नाही?

तुला मी ओळखते. शब्द गेला की गेला, तू मागे घेणार नाहीस. म्हणून काल गवंड्याला बोलावलं. आठवतंय ना, "गुडघा दुमडत नाही, उंबरा काढ" म्हणून तू माझं डोकं खाल्लं होतंस, आणि उंदीर येतील म्हणून मी अडून बसले होते? काढला. मुळापासून काढला. दारात आता सपाट फरशी आहे, पाय उचलायलासुद्धा नको. पहिला उंदीर रात्रीच येऊन गेला, मांजर तुझ्या खाटेवरून उठलं नाही. पाय ठेवणार नाही म्हणालास तो उंबरा मागच्या अंगणात पडलाय. तिकडे जाऊ नकोस म्हणजे झालं.

पुढच्या दारानं ये.

रोज तुझ्याच काठीनं माप घेणारी,
तुझी धाकटी