पुढच्या दोन, मागच्या दोन

२१ जानेवारी, रविवार

पुन्हा तेच! डाव्या वळणाला माझी रिमोटवरची गाडी लोण्यासारखी वळते आणि उजव्या वळणाला नाक बाहेर काढून सरळ कडेच्या फळीवर! तीन वेळा आदळली. ज्याची शर्यत संपली त्याने पुढच्या शर्यतीतल्या उलटलेल्या गाड्या उचलायला थांबायचं, हा आमच्या क्लबचा नियम. आज नेमका ओइशी थांबला होता. माझी एवढीशी गाडी सरळ करता करता केवढ्यांदा ओरडला — "मोचिझुकी, उजवं वळण तुझ्यावर रुसलंय का रे?" सगळे हसले. चहाचा व्यापारी, पण जिभेला हाड नाही.

घरी बायकोने, किनुएने, विचारलं, "काय झालं?" म्हटलं, चाकांच्या शॉक-अब्सॉर्बरमध्ये हवा शिरली असेल. "स्प्रिंगा नीट होत्या ना?" म्हटलं, स्प्रिंगांना काय धाड भरलीय! तू दिलेल्या आहेत.

२२ जानेवारी, सोमवार

चारही शॉक उघडले. जुनं तेल काढलं, नवं ओतलं, दांडे हळूहळू वर-खाली केले, आणि टोप्या उघड्या ठेवून सकाळभर उभे करून ठेवले. बुडबुड्यांना वर यायला वेळ द्यावा लागतो. घाई केली की हवा आत राहते आणि मग गाडी बेडकासारखी उड्या मारते. दुपारी टोप्या लावल्या. दांडे दाबून सोडले — चारही सारखेच बाहेर आले. केसाचा फरक नाही! गाडी काचेवर ठेवली. चारही चाकं टेकली, उंची सगळीकडे पाच मिलिमीटर. मग दोष आहे कुठे?

पुढच्या दोन्ही स्प्रिंगा अंगठ्याने दाबून पाहिल्या. डावी जरा ताठ वाटली. पण अंगठाही आता एकाहत्तरचा झाला. त्याचं काय ऐकायचं!

२५ जानेवारी

पाऊस. कुठे जाणं नाही. लिहितोच.

मला रंग कळत नाहीत. लाल, हिरवा, तपकिरी — सगळा एकच चिखल. शाळेत ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा दिसला नाही. मास्तरांनी दाखल्यावर शेरा मारला, आईने दाखला कपाटाच्या तळाशी घातला. त्या काळी असा मुलगा म्हणजे घराण्याला बट्टा. मी साच्यांच्या कारखान्यात लागलो ते त्यामुळेच. पोलादाला रंग नसतो.

बघण्याच्या कार्यक्रमात मला काही सुचेना. काहीतरी बोलायचं म्हणून किनुएला म्हटलं, "तुमच्या किमोनोचा तपकिरी रंग फार शोभतो." किमोनो हिरवागार! तिची आई माझ्याकडे बघतच राहिली. किनुए पटकन म्हणाली, "आई, इथे उजेड फार कमी आहे गं." बस्! त्या एका वाक्यावर माझा संसार उभा आहे. तेव्हापासून माझे मोजे, टाय, तव्यावरचं मांस झालं की नाही — सगळं तीच सांगते. जगात दुसऱ्या कुणाला माहीत नाही. मिहोकोलासुद्धा नाही, आणि ती आमची एकुलती एक मुलगी.

आणि स्प्रिंगा. स्प्रिंग किती ताठ ते रंगावरून ओळखायचं, असली ही पद्धत! ओइशीकडून आणलेल्या चहाच्या सहा डब्यांत किनुए त्या रंगाप्रमाणे लावून ठेवते. शर्यतीच्या सकाळी मी रंग सांगतो. ती कोतात्सूच्या, म्हणजे पांघरूण घातलेल्या शेगडीच्या टेबलाच्या, उबेत पाय घालून बसते, डबे उघडते आणि माझ्या तळहातावर एकेक ठेवते — "या पुढच्या दोन. या मागच्या दोन." सव्वीस वर्षं हेच.

खुणा करायला काय लागतं? पाच मिनिटं! साच्यांवर आकडे कोरण्यात माझा जन्म गेला. पण खुणा केल्या तर तिला हाक कशाला मारायची? आमच्या घरात बोलणं आधीच बेताचं.

२८ जानेवारी, रविवार

ओइशीने टेबलावरची माझी गाडी उचलली. "अरे वा! पुढे डावीकडे तपकिरी, उजवीकडे हिरवी! हा कुठला नवा प्रयोग?"

म्हटलं, "हो, प्रयोगच."

"फसलाय," म्हणाला.

डोकं दुखतंय सांगून निघालो. नदीच्या पुलावर सायकल थांबवली आणि नुसता उभा राहिलो. मी आठवडाभर तेलाला नावं ठेवली, शॉकला ठेवली, स्वतःच्या अंगठ्याला ठेवली. किनुए चुकली असेल हे एकदाही मनात आलं नाही. सव्वीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही.

दारातच तिने विचारलं, "आज कशी पळाली?"

म्हटलं, "झकास."

३१ जानेवारी, बुधवार

किनुए गाण्याच्या वर्गाला गेली. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा शेडमध्ये आणला. प्रत्येक स्प्रिंग काट्यावर उभी करून बरोबर पाच मिलिमीटर दाबायची आणि ग्रॅम वाचायचे. मऊ असली तर कमी, ताठ असली तर जास्त. काट्याला रंगाशी काय देणंघेणं!

चोवीसपैकी सात चुकीच्या डब्यात. सात!

तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी चमचे भलत्याच खणात. मग फ्रिजमध्ये चपला. शेवटी मला टपालवाला समजायची आणि मी दिसलो की सही करायला पेन मागायची. तेव्हा आम्ही दोघं हसायचो. आज ते आठवलं. स्प्रिंग खाली पडली, ती शोधायला पंधरा मिनिटं लागली.

बारीक काळ्या पेनाने प्रत्येक स्प्रिंगच्या टोकाला ठिपके दिले. सगळ्यांत मऊ तिला एक, सगळ्यांत ताठ तिला सहा. मग त्या होत्या तशाच, चुकीच्याच डब्यांत परत ठेवल्या. तिला कळता कामा नये.

४ फेब्रुवारी, रविवार

"हिरव्या दे," म्हटलं. तिने दोन स्प्रिंगा जवळ धरून निरखल्या, खिडकीकडे करून पुन्हा निरखल्या, आणि तळहातावर ठेवल्या. "या पुढच्या दोन." एकीवर हिरवीचे तीन ठिपके, दुसरीवर चार. "वा!" म्हटलं. ती माझा जेवणाचा डबा भरायला उठली तेवढ्यात चारची काढून तीनची घेतली. चोर झालो स्वतःच्या घरात!

गाडी अशी वळली म्हणता! दोन्ही वळणांना सारखी. तिसरा आलो. ओइशी म्हणाला, "प्रयोग सोडलास ते बरं केलंस."

घरी सांगितलं तर किनुएने मान ताठ केली. "स्प्रिंगा कुणी दिल्या होत्या?"

"तू," म्हटलं. आणि बूट काढायला वाकलो तो बराच वेळ वर बघितलं नाही.

९ फेब्रुवारी

गल्लीत समोरून शेजारीण आली. वीस वर्षांची ओळख. किनुएने बघितलं आणि सरळ पुढे निघाली. ती "किनुएसान!" म्हणाली तेव्हा कुठे किनुए दचकून थांबली, मग दोघी नेहमीसारख्या बोलत बसल्या. माझं लक्ष किनुएच्या पायांकडे. घरी येऊन तिचे मोजे तपासले. मला काळा आणि गडद निळा एवढं कळतं. एक काळा होता, एक निळा.

१४ फेब्रुवारी

बायकांनी चॉकलेट द्यायचा दिवस. दर वर्षी मला कडू देते. यंदा दुधाचं, गोड. सगळं खाल्लं तिच्यासमोर.

१९ फेब्रुवारी

मिहोकोला फोन केला. आधी हवापाण्याचं बोललो. मग सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आईला डॉक्टरकडे न्या. आणि ओरडू नका हं तिच्यावर."

मी कधी ओरडतो!

कसं सांगायचं त्याची शेडमध्ये तालीम केली. शॉकच्या बाटल्यांसमोर. जमलं नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं. ती मुळा चिरत होती.

"किनुए, आपण एकदा डॉक्टरकडे जाऊन येऊ."

"काय होतंय तुम्हाला?"

"मला नाही. तुला."

सुरी खाली ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कळलं म्हणजे तुम्हाला."

"कधीपासून आहे?"

"वर्ष झालं असेल."

एक वर्ष! एकटीने! मला राहवेना. तिचे मुळ्याचे ओले हात धरले. म्हटलं, "हे बघ, तू सगळं विसरलीस तरी मी आहे. तू मला ओळखलं नाहीस तर मी रोज सकाळी सांगेन, मी टपालवाला नाही, मी तुझा नवरा." आणि रडलो. एकाहत्तर वर्षांचा माणूस, स्वयंपाकघरात, हुंदके देऊन!

ती बघतच राहिली. "अहो, काय विसरले मी?"

"सगळं… म्हणजे विसरशील…"

"मी काही विसरत नाही! गेल्या मंगळवारी तुम्ही माझ्या वाटणीचा तांदळाचा लाडू खाल्लात तेसुद्धा लक्षात आहे. मला दिसत नाही हो! सगळं चहाच्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं."

मी खालीच बसलो. हसावं की रडावं कळेना, दोन्ही केलं. तीही हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली. मुळा तसाच पडून राहिला.

"मग बोलली का नाहीस, बाई?"

तिने पुन्हा डोळे पुसले. मग म्हणाली, "मला रंग सांगता येत नाहीत असं कळलं असतं, तर तुम्ही लगेच डब्यांवर खुणा केल्या असत्या. मग मला कशाला बोलावलं असतं?"

डबे तिच्या डोक्यावरच्या फळीवर. आत चोवीस स्प्रिंगा, ठिपक्यांसकट. मी उरलेला मुळा चिरायला घेतला.

२७ फेब्रुवारी

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस कशा वावरत होता? ती म्हणाली, "हे असतात ना सोबत." मला रंग कळत नाहीत, तिला दिसत नाही, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या भरवशावर!

मिहोकोला फोनवर "मोतीबिंदू!" म्हणून असा ओरडलो की दवाखान्यातली नर्स धावत आली.

१२ मार्च

उजवा डोळा झाला. पट्टी. भात मी केला. चिकट झाला. बिचारीने मुकाट खाल्ला.

२७ मार्च

काल दुसराही झाला. आज सकाळपासून घरभर फिरतेय आणि ओरडतेय. "अहो, या भिंती बघा किती कळकट! हा स्वेटर पांढरा होता ना? तुम्ही हा असा घालून बाहेर जात होता?" मग माझ्यासमोर येऊन थांबली, चांगली दोन मिनिटं. "भुवया कधी पांढऱ्या झाल्या तुमच्या?"

म्हटलं, "तू बघत नव्हतीस तेव्हा."

अंगणातल्या प्लमची फुलं गळून गेली होती. तिला फार हळहळ वाटली. पुढच्या वर्षी बघू म्हटलं.

१ एप्रिल

ठिपके पुसून टाकायचे म्हणून दोनदा डबा काढला, दोनदा परत ठेवला.

खरं लिहायचं तर — सोडवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या मनाने स्प्रिंग उचलतो. कुणाला विचारावं लागत नाही. दोन ठिपके पाहिजेत, दोन घेतले. त्याचं सुख काय असतं ते ज्यांना रंग दिसतात त्यांना कसं कळणार! आणि तिला कळलं तर? ज्या गोष्टीला ती वर्षभर भीत होती, ती मी करून बसलोय.

रविवारी क्लबचा वसंत करंडक. तो झाला की पुसेन. नक्की.

७ एप्रिल, रविवार

करंडकाची सकाळ. किनुए उठायच्या आत हळूच डबे खाली घेतले. पहिला रिकामा. दुसरा रिकामा. पाच डबे रिकामे! सहाव्यात चोवीसच्या चोवीस स्प्रिंगा, एकत्र ओतलेल्या. एक उचलून टोक बघितलं. ठिपका नाही. दुसरी, तिसरी — एकीवरही नाही. डब्याला स्पिरिटचा वास.

मागे वळलो. कोतात्सूत पाय घालून बसली होती, केस विंचरून, तयार. हात पुढे केला. "अहो, कुठला रंग हवा?"

ओइशीला फोन केला. म्हटलं, आज यायला उशीर होईल.