सगळ्यात वरची खोटी गाडी

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून सुन्न आहे. अंबडच्या यंत्रांच्या कारखान्यासाठी गाड्या रवाना करायचं संगणकावरचं पान मीच जावा भाषेत लिहिलं. त्यातल्या गाड्यांच्या यादीच्या ओळी मोजणारा कोडही माझाच, आणि तो शीर्षकाची ओळसुद्धा मोजत होता. म्हणजे ज्या ओळीवर क्लिक करावं तिच्या खालची गाडी सुटायची. आज सकाळी ते दिसलं, गुपचूप दुरुस्त केलं.

दुपारी घोटीची भातगिरणी आमच्या पार्टसाठी बंद पडलेली, आणि गेटमधून तिच्या गाडीऐवजी सुटली यादीत तिच्या वर असलेली सायखेड्याची गाडी.

डिस्पॅचच्या शिंदेताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो सर, आम्ही कायम हव्या त्या गाडीच्या वरच्याच ओळीवर क्लिक करतो. नवीन माणसाला आधी तेच शिकवतो."

"आणि पहिलीच गाडी सोडायची असली तर?"

"म्हणून तर यादीत सगळ्यात वर एक खोटी गाडी टाकून ठेवलीय."

ती खोटी गाडी मी कितीदा पाहिलीय. कुणाची तरी टेस्टिंगची असेल, म्हणून सोडून दिली. यांनी एकदाही तक्रार का केली नाही? मी तरी का नाही विचारलं?

"आता सगळं बरोबर झालंय ताई," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "पहिल्यासारखं करून द्या ना. सगळ्यांचा हात बसलाय."

आणि मी माझी चूक जशीच्या तशी परत टाकून घरी आलो.