भिंतीवरचं बोइंग

१५ मार्च १९७१. तीर्थपुरी. सकाळी ६.
रजा सुरू. महिनाभर. २० एप्रिलला हैदराबादला हजर व्हायचं, बोइंगच्या ट्रेनिंगला. अकरा वर्षं डाकोटा उडवला. पंखे पुरे झाले, आता जेट. त्याआधी १९ला मेडिकल. ती किरकोळ बाब. गेल्या खेपेला डॉक्टरांनी डाव्या कानाबद्दल उगाच शेरा मारला. पाठीमागे उभे राहून आकडे पुटपुटतात. इतकं हळू कोण बोलतं?
संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज मॅन्युअलची वीस पानं. आणि कोणालाही ‘काय म्हणालात?’ असं विचारायचं नाही. कॅप्टनने दोनदा विचारलं की समोरच्याचा धीर सुटतो.

१६ मार्च. सकाळी ८.१०
अलार्म वाजलाच नाही. बायकोचं, सत्यशीलाचं म्हणणं, वाजला. शेजारच्या कचरूलाही ऐकू गेला म्हणे. कचरूला काय, सगळंच ऐकू जातं.

१८ मार्च.
मधल्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने बोइंगचं कॉकपिट काढलं. सगळी घड्याळं, स्विच, लिव्हर. खाटेवर बसलं की हाताशी. आबांनी बराच वेळ निरखलं आणि विचारलं, याचा भोंगा कुठंय? विमानाला भोंगा नसतो म्हटलं. मंग मान्सं बाजूला कशी सरकत्यात, म्हणाले. शेवटी त्यांच्या समाधानासाठी कोपऱ्यात एक भोंगा काढून दिला.
आबांना आवाजाचं भारी कौतुक. एकेकाळी गावाची दवंडी वडिलांकडेच होती. आबांनी, गावाच्या तातेरावने, चावडीपाशी तोंड उघडलं की वेशीबाहेर कळायचं. छप्पन साली धम्म घेतला, गावकीची कामं सोडली, डफ टांगून ठेवला. त्या दिवसापासून आवाज चढवलेला नाही. हल्ली तर फारच पुटपुटतात. वय झालं.

२२ मार्च.
वीसऐवजी चार पानं. गावात सगळेच हळू बोलायला लागलेत. आबा, कचरू, हॉटेलातला रेडिओसुद्धा. धुळीने घसे बसले असणार.

२५ मार्च.
कानात मळ असावा. लसणाचं कोमट तेल घातलं. निम्मं उशीला लागलं.

२ एप्रिल.
चेकलिस्टची प्रॅक्टिस. एकाने ओळ वाचायची, दुसऱ्याने त्या वस्तूला हात लावून उत्तर द्यायचं. विमानात असंच करतात. सत्यशीला मॅट्रिक आहे, इंग्रजी चांगलं वाचते. खिडकीच्या उजेडासाठी ती माझ्या डावीकडे बसली. सत्तावीस ओळी, सत्तावीस उत्तरं. मला चेकलिस्ट पाठच आहे. बोइंग खिशात.

४ एप्रिल.
सत्यशीलाने आज मुद्दाम दोन ओळी गाळल्या. न सांगता! तिने दारं विचारली, मी इंधन सांगितलं. तिने इंधन विचारलं, मी चाकं. शेवटी ती वाचायची थांबली तरी मी चार उत्तरं दिली. एकदम भिंतीवरचा हात खाली आणला तर ती माझ्याकडे बघत रडत होती. म्हणाली, तुमच्या मागं पंचवीस-तीस मान्सं बसलेली आसतेत. मी म्हटलं, ओळी गाळणं नियमात बसत नाही.
जेवलो नाही. भूक नव्हती.

५ एप्रिल.
उपाय सापडला! उजवा कान सगळं काम करतो म्हणून डावा ऐतखाऊ झालाय. रोज दुपारी दोन तास उजव्यात कापूस ठासायचा. आळशी बैलाला एकट्याला जुंपलं की बरोबर चालतो.

८ एप्रिल.
फरक आहे. निश्चित फरक आहे.

९ एप्रिल. (१०ला लिहितोय.)
दुपारी तीनला कापूस घालून भिंतीसमोर बसलो. सत्यशीला आडावर गेली होती. छान शांतता. चेकलिस्ट दोनदा पुरी केली, एकही चूक नाही. सहज वळून पाहिलं तर दारात माणसं. कचरू, त्याची आई चांगुणाबाई, हॉटेलवाला बद्रीनाथ, सगळे धापा टाकत.
मागच्या अंगणात आबा पडले होते. जयंतीसाठी भिंतीला चुना द्यायला शिडीवर चढले होते. मांडीचं हाड मोडलं. माझ्यापासून दहा पावलं. पाव तास हाका मारत होते, पुंजाराम, पुंजाराम म्हणून. बद्रीनाथचं हॉटेल वेशीपाशी आहे. त्याला तिथं ऐकू गेलं. म्हणाला, पंधरा सालांनी तातेरावचा आवाज ऐकला, आधी वाटलं दवंडीच दिऊन राह्यलाय, म्हनून पुढं काय सांगतो ते ऐकत उभा राह्यलो.
कापूस उजव्या कानात होता, हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. कोणी काही बोललं नाही. बोललेही असतील.

१२ एप्रिल.
आबांना जालन्याहून आणलं. कमरेपर्यंत प्लॅस्टर. सत्यशीला उजव्या बाजूला बसून म्हणाली, आबांना तुमच्या कानाचं गेल्या सालीच कळल्तं. तरी गावभर सांगत फिरतेत की पोरगं जेट चालवनार.
आबांना कळलं होतं. मला कळलं नव्हतं, असं इथं लिहिणार होतो. पण कळलं होतं. फार लाज वाटली.

१३ एप्रिल.
उद्या जयंती. राहिलेला चुना मी दिला. बाहेरच्या भिंती झाल्या, मग मधली खोली. कोळसा चुन्यातून वर येत राहतो. तीन हात द्यावे लागले.
कंपनीला पत्र लिहिलं. डाव्या कानाने ऐकू येत नाही. ट्रेनिंगला येत नाही. जमिनीवरचं काही काम असल्यास कळवावे.

१४ एप्रिल. सकाळी ७.
पोस्टात टाकण्याआधी पत्र आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते भिंतीकडे बघत काहीतरी बोलले. मी सवयीने मान हलवणार होतो. मग खाटेला वळसा घालून त्यांच्या तोंडाशी उजवा कान नेला आणि विचारलं, काय म्हनले आबा?
महिन्यात पहिल्यांदा विचारलं.
कोपऱ्यातला भोंगा पुसायचा ऱ्हायला, म्हणाले.
पुसला.