धुळ्याची प्रत

चाळीसगाव,
१८ सप्टेंबर २०२५

ती. योगराजभाऊस,
दिपमालाचा नमस्कार.

तुझा जुना नंबर लागत नाही आणि तुझ्या बियाण्याच्या पाकिटावरचा फोन तुझा माणूस उचलतो, म्हणून कुरिअर. पाकीट साक्रीच्या एका दुकानात मिळालं. छपाई चांगली आहे.

इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा दुखतो, पण तो पुराआधीही दुखायचा. पुराचं तू वाचलंच असशील. नदीचं पाणी मागच्या गल्लीतून शिरलं आणि कंपनीच्या तळमजल्यावर छातीएवढं चढलं. तेव्हापासून मी गाळ काढते आहे. एकदा काढला की संपला असं वाटलं होतं. तो वाळला की पुन्हा निघतो, फटींतून, कपाटांच्या पायांखालून. हातांचा वास जात नाही.

सर्व्हर गेला. तो बियाण्याच्या थंड खोलीशेजारी होता, कारण एसी तिथेच. वरच्या मजल्यावर हलवू असं मी म्हटलं होतं. आबांचं उत्तर तुला पाठ असेल: "वर पत्रे तापतात." तेही खोटं नाही.

सर्व्हर कधीतरी जाणार हे मी धरून चालले होते. त्यासाठीच दर शनिवारी सगळा डेटा एका डिस्कवर उतरवून आबांच्या हातात द्यायचे. ती इमारतीबाहेर राहायला हवी. आधी ती मामांकडे भडगावला जायची. तू गेल्यावर ते बंद झालं. "आता एक दाणाही बाहेर जायचा नाही," असं आबा म्हणाले आणि डिस्क तिजोरीत ठेवू लागले. इंटरनेटवर प्रत ठेवू का विचारलं, तर म्हणाले, "आपलं बी लोकांच्या कोठीत?"

तिजोरी तळमजल्यावरच आहे, सिमेंटमध्ये बसवलेली. चोराने उचलून नेऊ नये म्हणून. लक्ष्मीपूजनाला आबा डिस्कलाही हळदकुंकू लावायचे, मी नंतर पुसून घ्यायचे.

ती डिस्क घेऊन जळगावला गेले. बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणारा एक जण आहे. त्याने झाकण उघडलं, आतला गाळ पाहिला.

"कुठे होती?"

"तिजोरीत."

"चाळीसगाव का? मग बरोबर. काल एक सोनार आला होता, त्याचीही तिजोरीतच. ताई, तुमच्या गावात चोर उपाशी मरणार बघा. पाण्याला मात्र दार उघडं."

तो हसला. मीही हसले असेन. काही निघणार नाही, असं त्याने सांगितलं.

आता प्लॉटचं. वाण-चाचणीची कपाशी वाकली होती, ती सावरली. फुलं धरली आहेत. पण नंबराच्या खुंट्या वाहून गेल्या, आणि ऑफिसच्या भिंतीवरच्या नकाशाचा लगदा झाला. कोणती ओळ कोणत्या वाणाची, हे आज कोणालाच सांगता येत नाही. सुपडूभाऊ इतकी वर्षं तिथे राखण करतात, त्यांना तोंडपाठ असेल असं आईला वाटत होतं. मी विचारलं. म्हणाले, "माले ते बठ्ठी कपाशी एकसारखी दिखस, ताई."

ओळखायची एकच रीत उरली आहे: पानावरची लव, पाकळीचा रंग, पाकळीच्या तळाचा ठिपका. प्रत्येक मूळ वाणाची ही नोंद आणि फोटो सर्व्हरवर होते. तू गेल्यानंतरचे वाण मी सोडून दिले आहेत. आधीचे वाण, फुलं आहेत तोवर, ताडून पाहता येतील. नुसती बोंडं उरली की संपलं. मग सगळा कापूस एकत्र वेचून विकायचा, आणि आबांनी आयुष्यभर निवडलेलं बी त्याच पोत्यात जाईल.

परवा जेवताना आबांनी विचारलं, "धुयाले पाऊस शे का?"

घरात तुझं नाव निघत नाही. तू गेल्यापासून तू 'धुळं' आहेस. आई म्हणते, "धुळ्याचं पोरगं आता शाळेत जात असेल," आणि आबा टीव्हीचा आवाज वाढवतात.

मी म्हटलं, "तिकडे पूर नाही."

"मंग त्यानाकडे बठ्ठं कोरडंच व्हई," एवढं बोलून ते ताटावरून उठले. भाकरी अर्धी होती.

तू जाताना डेटाची प्रत घेऊन गेलास. आबा तिला चोरी म्हणतात, तू हक्क म्हणाला होतास. मला आज त्यावर बोलायचं नाही. माझ्या कामापुरतं सांगायचं तर ती या डेटाची दुसऱ्या गावातली एकमेव प्रत आहे. बाकी आमच्याकडे काही नाही.

मी ती मागते आहे. आबांनी लिही असं सांगितलेलं नाही. लिहू नकोस असंही नाही.

मूळ डिस्कवर काम करू नकोस. आधी तिची नक्कल काढ आणि ती नक्कल दे. मूळ तुझ्याकडेच राहू दे, धुळ्याला. हे मी विचार करून लिहिते आहे. यापुढचा डेटाही तुझ्याकडे एक प्रत म्हणून यावा, असं मी आबांना सांगणार आहे. तू आमच्यासमोर दुकान मांडलं आहेस हे माहीत असूनही. ते ओरडतील. तुझं मशीन पांझरा नदीच्या बाजूला असेल तर आजच वर हलव.

प्रत पुसली असशील तर तेही कळव. रागात पुसली असशील तरी कळव. मग मी रोज प्लॉटवर जायचं थांबवेन.

आणि जमलं तर कुरिअर न करता स्वतः घेऊन ये. ताडायला दोन माणसं लागतात, एकाने फोटो धरायचा, एकाने फूल. आबांना जवळचं नीट दिसेनासं झालं आहे. ते कोणाला सांगत नाहीत, मी फक्त तुला सांगते आहे. फूल सकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं, मग रंगाचा भरवसा नाही. तेव्हा सकाळी ये.

वाट पाहते, असं मी लिहीत नाही. उन्हं चढेपर्यंत प्लॉटवर असते.

दिपमाला