मधल्या सुट्टीतला डबा

बालाघाट
४ ऑगस्ट २०२४

ती. स्व. दादास,
अहिल्येचा कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनानेच रचतोस, म्हणून हे पत्र. इकडे सगळे खुशाल. यशोधन सकाळी आठला भरवेलीला खाणीच्या ऑफिसात जातो, सूनबाई प्राची बँकेत, आणि माझ्या वाट्याला येते ती नात, वल्लरी.

तिच्यासाठीच लिहायला बसले. पोरगी हुशार आहे, सातव्या वर्षी पंधरापर्यंतचे पाढे धडाधड म्हणते. पण हात तिचं ऐकत नाहीत. बटण लागत नाही, पेन्सिल बोटांतून निसटते, पोळीचा तुकडा मोडत नाही. भाताचा घास तोंडाशी जाईपर्यंत निम्मा फ्रॉकवर. म्हणून पहिलीपासून मी रोज मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन तिला भरवते. परवा मोठ्या बाईंनी मला बोलावलं. दुसरी संपेपर्यंत, मार्चपर्यंत, चालवून घेऊ, म्हणाल्या, पण तिसरीच्या वर्गाला मधल्या सुट्टीत घरचं कुणी आत येत नाही. तोवर तिचं तिला खाता आलं नाही तर दुसरी शाळा बघा. दादा, तिच्या सगळ्या मैत्रिणी तिथे आहेत. तिला तिथून काढायचं कसं?

प्राचीने एका मुलीचं नाव काढलं आहे. आम्रपाली, मूळची लालबर्ऱ्याची, नागपूरला शिकून आलेली. बसस्टँडच्या मागे दोन खोल्यांत ती लहान मुलांना व्यवसाय-उपचार देते. शनिवारपासून वल्लरीला तिच्याकडे घालतो आहोत. खरं सांगू? पस्तीस वर्षं मी पोरांची अक्षरं वळवली. मला जे जमलं नाही ते ही कालची पोर काय करणार? पण सुनेपुढे बोलले नाही.

लोभ आहे तसाच असू दे, आणि गोळ्या वेळेवर घे.

तुझी,
अहिल्या

नागपूर
१२ ऑगस्ट २०२४

चि. अहिल्येस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता चहा गार झाला. सात वर्षांच्या पोरीला व्यवसाय? कसला? शिवणकाम, की पापड लाटणं? पोरीला पोळी मोडता येत नाही म्हणून तिला धंद्याला लावायचं, हे यशोधनच्या डोक्यात आलं तरी कसं? आपल्या बाबांनी त्या काळात लोकांची बोलणी खाऊन तुला मॅट्रिक केलं. आणि तू, जन्माची मास्तरीण, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस!

मी अजून जिवंत आहे, एवढं त्या दोघांना कळव. बॅग भरून ठेवली आहे.

राग या पत्रापुरता, लोभ नेहमीचा.

नीळकंठ

बालाघाट
६ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, पण आधी बॅगेतले कपडे कपाटात ठेव. तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं आणि आमच्याकडे दोन दिवस हसणं चाललं होतं. आम्रपालीलाही दाखवलं. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, की दादाजी बरोबरच बोलून राह्यले न जी, लेकराचाही व्यवसाय राहतेच. जेवणं, कपडे घालणं, खेळणं, लिहिणं, हाच तिचा दिवसभराचा कामधंदा, अन् तो तिचा तिले जमला पाहिजे. आयुष्य मुलांत काढलं, पण पोरगी घास उचलते हे तिचं काम आहे, असं माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

आणि तिची शिकवायची तऱ्हा! मोठं घमेलं भरून धान, त्यात चिंचोके पुरलेले. वल्लरी कोपरापर्यंत हात घालून ते शोधते. पाय कुणीतरी धरायचे आणि हिने हातांवर चालायचं. ओले फडके पिळायचे, कणिक तिंबायची, दोरीवर चिमटे लावायचे. मला सगळा खेळच वाटला. तिने समजावलं, की पोरगी आळशी नाही; डोक्याने दिलेला हुकूम बोटांपर्यंत नीट पोचत नाही, आणि खांद्या-मनगटात जोर आल्याशिवाय पेन्सिलीला दोष देण्यात अर्थ नाही. मी त्याच पेन्सिलीपायी तिच्या बोटांवर पट्टी मारली आहे, दादा. तुला सांगितलं नव्हतं. ते आठवलं की आता मान खाली जाते.

सगळ्यात नवल म्हणजे ती शेवटून शिकवते. बटण आपण लावत आणायचं आणि काजातून बाहेर आलेलं टोक तेवढं तिने ओढायचं. काम पुरं झाल्याचा आनंद तिचा! मग शेवटच्या दोन पायऱ्या तिच्या, मग तीन. असं करत करत नवरात्र बसलं तेव्हा फ्रॉकची पुढची चारही बटणं तिने स्वतः लावली. मला मात्र आम्रपालीची सक्त ताकीद आहे: आजी, हात मांडीखाली घेऊन बसा.

लोभात अंतर पडू देऊ नकोस, आणि शब्दांचे अर्थ मला विचारत जा.

तुझी,
अहिल्या

नागपूर
१९ ऑक्टोबर २०२४

चि. अहिल्येस,
अ. उ. आ.

चुकलो. त्या मुलीला माझा नमस्कार सांग. वयाने लहान असली तरी सांग.

पण अहिल्ये, मी तुझा थोरला भाऊ आहे. दोन पानांच्या पत्रात बटणं आली, चिंचोके आले, चिमटे आले. डबा कुठे आहे? शाळेची अट तर डब्याची आहे. ज्या गोष्टीत तुझा हात असतो तिच्याबद्दल तू लिहीत नाहीस, हे मला तुझ्या फ्रॉकच्या वयापासून ठाऊक आहे. खरं काय ते कळव.

उत्तराची वाट पाहणारा, लोभ असलेला,
नीळकंठ

बालाघाट
१७ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

पकडलंस. गेल्या आठवड्यापर्यंत रोज मीच भरवत होते. शाळेच्या मागच्या ओट्यावर, कुणाला दिसू नये म्हणून माझ्या पदराआड. आम्रपालीला सांगायचे की वल्लरी आपलं आपण खाते. घरी पोळीचे बारीक तुकडे करून डब्यात भरायचे, म्हणजे भरवायला सोपं.

गेल्या शनिवारी आम्रपालीने तिच्यापुढे पोळी ठेवली आणि मोड म्हणाली. वल्लरीने हात मांडीवर ठेवले, माझ्याकडे मान वळवली आणि आ वासला. नुसती वाट पाहत बसली. दादा, त्या खोलीत मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मायेने मी तिचे हातच काढून घेतले होते.

आम्रपाली एक शब्द रागाने बोलली नाही. इतकंच विचारलं, की आजी, तुमाले भेव कायचं वाटते? पोरगी उपाशी राहील याचं, मी म्हटलं. ती म्हणाली, की एखाद दिवस राहीन पोरगी अर्धी उपाशी, पण मार्चनंतर तिची शाळाच गेली तं? मग उठून माझ्याजवळ येऊन बसली. सोमवारपासून मोठ्या बाईंची परवानगी काढून ती स्वतः मधल्या सुट्टीत शाळेत येते. स्वतःची दुपारची भाकर बाजूला ठेवून येते, हे मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी डबा जवळजवळ भरलेला परत आला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, पण भरवलं नाही.

रागावू नकोस. रागावलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझी,
अहिल्या

बालाघाट
२३ मार्च २०२५

ती. स्व. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र हातात पडलं की बसून वाच.

या चार महिन्यांत आम्रपालीने काय काय केलं ते लिहायला वही पुरायची नाही. उभ्या काठाचा डबा आणवला, म्हणजे भात काठाशी दाबून उचलता येतो. पोळी एका हाताने दाबून दुसऱ्याने ओढायला शिकवली. सांडलं तर पुसायचं फडकंही वल्लरीच्याच दप्तरात. जानेवारीत आम्रपाली शाळेत यायची थांबली आणि मी एकटीच जाऊ लागले. नुसती बसायला, हात मांडीखाली घेऊन. अजूनही सांडतं, अजूनही इतरांपेक्षा तिला वेळ लागतो, अक्षर तर कोंबडीचे पायच. आम्रपाली म्हणते, की हळू का होईना, तिचं ती करून राह्यली, बाकीचं येईन. मी आता तिच्या शब्दाबाहेर नाही. माझ्या नोकरीत मी पुष्कळ शिक्षक पाहिले, पण तिच्या पासंगाला पुरेल असा एक आठवत नाही.

शुक्रवारी मोठ्या बाई स्वतः पाहायला आल्या. मुली वर्गाबाहेर गोल करून बसल्या होत्या. मी नेहमीसारखी वल्लरीच्या मागे जाऊन टेकले. तिने डबा उघडला, पोळी मोडली, शेजारच्या गीताच्या डब्यातलं लोणचं लावून खाल्ली. मग मागे वळून मला म्हणाली, की आजी, तू जाय न घरी, इथं फक्त पोरी बसतेत. मोठ्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, तिसरीची पुस्तकं घेऊन ठेवा.

दादा, इतकी वर्षं शाळेत काढली, पण मला शाळेतून घरी जा म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. त्या दिवशी मला हाकललं, आणि घरापर्यंत जी ओळखीची दिसली तिला मी थांबवून थांबवून ते सांगत आले.

लोभ कर, आणि सुट्टीत ये.

तुझी,
अहिल्या